नंदीबैलाचा होकार

त्या यंत्राचं सरकारी नाव होतं ‘संवृत पुरावा प्रश्नोत्तर प्रणाली’. हे नाव ठेवणाऱ्या साहेबानं ते एकदा तरी मोठ्यानं म्हणून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. यंत्र कारागृहात येऊन आठवडा व्हायच्या आत बंद्यांनी त्याचं नव्यानं बारसं केलं आणि नाव ठेवलं नंदीबैल. दारावर येणाऱ्या नंदीबैलासारखंच त्याचं काम. आपण विचारायचं आणि त्यानं मान हलवायची, हो किंवा नाही. तिसरं त्याला काही येत नव्हतं आणि मुद्दामच शिकवलेलं नव्हतं.

भूपाल मगदूमला हे नाव ऐकून बऱ्याच दिवसांनी हसू आलं. भूपाल मूळचा यंत्रमागावरचा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. हातात जादू आणि जिभेवर निखारा, असं त्याच्याबद्दल सगळा कारखाना म्हणायचा. रात्रपाळी कुणी करायची यावरून वाद झाला आणि एके दुपारी त्यानं हातातला पाना बरोबर काम करणाऱ्या तात्यासो खोताच्या डोक्यात घातला. एकच घाव. मला मारायचं नव्हतं, असं तो कोर्टात म्हणाला आणि ते खरंही होतं. पण तात्यासो मेला होता, हेही तितकंच खरं होतं. जन्मठेप झाली. कारागृहातल्या विणकाम विभागातले जुने माग भूपालनं असे चालते ठेवले की पुढे पुढे अधीक्षकसुद्धा त्याला मगदूम मिस्त्री म्हणायला लागले.

एव्हाना कायदाही बदलला होता. पॅरोल म्हणजे आता नुसती चार दिवसांची रजा राहिली नव्हती. चांगल्या वर्तनाच्या बंद्याला उरलेली शिक्षा शर्तींवर घरी काढता येत होती, मनगटाला पट्टा बांधून. भूपालनं अर्ज केला. वर्तन चांगलं, काम चांगलं, शिवाय थोरली बहीण पद्माक्का हमीदार म्हणून उभी. तरी अर्ज फेटाळला गेला. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते, ‘गोपनीय कारणास्तव’.

कुणीतरी त्याच्याविरुद्ध बंद जबाब दिला होता. काय दिला, कुणी दिला, हे त्याला कळण्याची सोय नव्हती. त्यालाही कारण होतं. जबाब देणाऱ्यांची नावं फुटून त्यांची घरं जळाल्याचे प्रकार पूर्वी घडलेले होते. पण डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसानं आपला बचाव करायचा तरी कसा? हाच प्रश्न वरच्या कोर्टानं विचारला आणि त्यातून नंदीबैल जन्माला आला.

त्याची ओळख करून द्यायला विधी सेवेकडून नाझनीन मुजावर नावाची वकील आली. वयानं लहान, बोलायला फटकळ, पण ऐकून घ्यायला पक्की. ती भूपालला मामा म्हणायची आणि भूपाल तिला बाई. तिनं सांगितलं ते असं. यंत्र बंद जबाब वाचतं. बंद्याला त्यावर पाच प्रश्न विचारता येतात, हो-नाहीत उत्तर येईल असे. ‘कोण’ असं विचारलं की यंत्र गप्प बसतं. घटनेबद्दल मात्र काहीही विचारता येतं.

“मग म्या फिरवून फिरवून इचारलं तर?” भूपालनं लगेच फट शोधली. जॉबरच तो.

नाझनीन हसली. शास्त्रज्ञांनाही नेमकी हीच भीती होती, म्हणाली. यंत्र दर वेळी खरंच बोललं तर हुशार माणूस विचारत विचारत जबाब देणाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन पोहोचेल. म्हणून उत्तर बाहेर येण्याआधी यंत्राच्या पोटात एक नाणं उडतं. खरं नाणं नव्हे, गणितातलं. छापा पडला तर खरं उत्तर बाहेर येतं. काटा पडला तर दुसरं नाणं उडतं आणि ते जे म्हणेल तेच उत्तर, मग ते खरं असो की खोटं. म्हणजे साधारण चारांत तीनदा यंत्र खरं बोलतं आणि एकदा चुकीचं. कुठल्या वेळी चुकीचं बोललं हे यंत्र बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यामुळे एका उत्तरावरून कुणीही कुणाकडे बोट दाखवू शकत नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारावा म्हटलं तर पुन्हा तेच उत्तर येतं, नाणं नव्यानं उडत नाही.

“मंग बैल खोटारडाच झाला की,” भूपाल म्हणाला.

“एका उत्तरापुरता. पण मामा, खरी किंमत उत्तराची नाही, प्रश्नाची आहे. तुम्ही जे विचाराल ते मुद्दे पॅरोल मंडळाला मूळ जबाबात तपासावेच लागतात आणि त्यावर निकालात लिहावं लागतं. मंडळापुढे नाणं उडत नाही. तुमचा प्रश्न म्हणजे मंडळाला दाखवलेली जागा. उत्तर तुम्हाला फक्त पुढचा प्रश्न सुचावा म्हणून. ते घरी घेऊन जायचं नसतं.”

हे शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली. भूपालनं दोन्ही वेळा मान हलवली, आणि मान हलवणं म्हणजे कळणं नव्हे, हे त्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पाच प्रश्न दोघांनी मिळून ठरवले. मी तुरुंगात कुणावर हात उगारला असं जबाबात आहे का? माझी कुठली टोळी, कुठलं हत्यार यांचा उल्लेख आहे का? मी कुणाला धमकी दिली असं आहे का? असल्यास ती तात्यासोचा भाऊ रावसाहेब खोत याला आहे का? आणि पाचवा प्रश्न सगळ्यांत मोलाचा: ती धमकी जबाब देणाऱ्यानं स्वतःच्या कानांनी ऐकली असं जबाबात म्हटलंय का? ऐकीव गोष्टीला मंडळ वजन देत नाही, म्हणून नाझनीननं तो शेवटाला ठेवला होता.

प्रश्न मात्र बंद्यानं खोलीत एकट्यानं बसून, स्वतःच्या तोंडानं विचारायचे असत. कुणाचा दबाव नको म्हणून. नियम चांगल्या मनानंच केलेला होता.

खोली लहान. भिंतीवर काळी काच, समोर खुर्ची. पहिल्या प्रश्नाला यंत्र ‘नाही’ म्हणालं. दुसऱ्याला ‘नाही’. भूपालला जरा धीर आला. तिसऱ्याला, धमकीच्या, ते ‘हो’ म्हणालं. चौथ्याला, रावसाहेब खोताच्या, पुन्हा ‘हो’.

आणि ती धमकी भूपालनं खरंच दिली होती.

पर्युषण संपलं की क्षमावणीला पद्माक्का दरसाल कारागृहात भेटायला यायची. त्या दिवशी जैनाघरी माणूस दारोदार जाऊन हात जोडतो; वर्षभरात कळत नकळत तुम्हाला दुखावलं असेल तर क्षमा करा, म्हणतो. घरी असलेल्याला हे करायला काही लागत नाही. तुरुंगातल्या भावाची क्षमावणी राहू नये म्हणून आक्का तीन गाड्या बदलून यायची. काचेपलीकडून हात जोडायची, भूपालही जोडायचा. मागच्या क्षमावणीला मात्र ती एक पाऊल पुढे गेली. रावसाहेबाला चार ओळी धाड, म्हणाली. त्याच्या भावाचा जीव गेलाय. तू हात जोडलेस तर तुझंच मन हलकं होईल.

भूपालचं माथं भडकलं. रावसाहेबानं कोर्टात त्याच्या आईबद्दल जे उद्गार काढले होते ते त्याच्या कानातून गेलेच नव्हते. फोनचा रिसीव्हर तोंडाशी धरून तो म्हणाला होता, “हात कसलं जोडतोय. सुटलो की पयला त्यालाच बघतो.” आक्कानं खाली मान घालून घरच्या गाईचं काहीतरी सांगायला सुरुवात केली होती.

त्यानंतर दोन महिन्यांतच अर्ज फेटाळला गेला होता.

आता काळ्या काचेसमोर बसून भूपालनं हे दोन प्रसंग एकाला एक जोडले. ते एकदा जुळल्यावर सुटेनात. आक्का एकटी राहते. दाजी गेले, पोरगा बंगळुरात. खुनी भाऊ घरात येणार, खोतांची गल्ली दोन वळणांवर. तिला भीती वाटली असेल. हमीदार म्हणून सही करायची आणि मागल्या दारानं जबाब द्यायचा, म्हणजे वाईटपणाही नको. तो हे सगळं मनात रचत गेला, माग लावावा तसं, धाग्याला धागा.

पाचवा प्रश्न त्यानं बदलला.

“ते बोलणं क्षमावणीच्या दिवशी झालं, असं जबाबात हाय का?”

यंत्रानं तो प्रश्न अडवला नाही. तारखेबद्दल विचारणं हा बंद्याचा हक्कच होता. अमुक दिवशी मी तिथं नव्हतोच, असं त्याला सिद्ध करता यावं म्हणून. काचेवर क्षणभर काही नव्हतं. मग हिरवी अक्षरं उमटली.

हो.

नाझनीन बाहेर थांबली होती. पाचवा प्रश्न बदलला हे ऐकून ती आधी चिडली, मग त्याचा चेहरा पाहून नरमली. तिनं परोपरीनं सांगितलं की हे उत्तर नाण्याचंही असू शकतं. चारांत तीनदा खरं म्हणजे आक्कानंच जबाब दिला असं होत नाही, म्हणाली. कारागृहात शेकडो माणसं, गावात हजारो, कुणीही कसलाही जबाब दिलेला असेल. तुम्ही एकाच माणसावर संशय धरून विचारलंत, तेव्हा हिशेब आधीच एका बाजूला कललेला होता. भूपाल ऐकत होता, पण त्याच्या डोक्यात एवढंच फिरत होतं की चारांत तीन म्हणजे जवळजवळ चारच. मागाच्या बाबतीत एवढ्या खात्रीवर तो अख्खा सांगाडा उघडत असे.

पुढच्या भेटीच्या दिवशी पद्माक्का आली. शेंगाच्या पोळ्या तपासणीच्या टेबलावर ठेवून ती काचेपाशी बसली. भूपाल आला, पण खुर्चीवर बसला नाही. उभ्यानंच त्यानं रिसीव्हर उचलला. आपल्याला सगळं कळलंय, म्हणाला. तिनं काय कळलंय असं विचारायलाही त्यानं जागा ठेवली नाही.

“सरकारला सांगितलंस ते बरं केलंस. आता माझ्या मातीलाबी येऊ नगंस.”

आणि रिसीव्हर ठेवून तो मागं वळला. काचेपलीकडे ती काही बोलत होती. ओठ हलताना त्यानं डोळ्यांच्या कडेनं पाहिले. काच जाड होती, म्हणून काही ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही याचं त्याला त्या वेळी बरंच वाटलं.

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ निभावलं असतं. पण जिभेवरचा निखारा विझलेला नव्हता. बराकीत जो विचारील त्याला तो सांगत सुटला, सख्ख्या बहिणीनं खबर दिली म्हणून. त्या बराकीतला गावाकडचाच एक जण शिक्षा संपवून बाहेर पडला आणि ही गोष्ट त्याच्याबरोबर गावात गेली. तिकडे काय झालं ते भूपालला नाझनीनकडून कळलं. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेलं की बायका आक्कापासून चार हात लांब सरकून बसायला लागल्या. खोतांच्या गल्लीतून जाताना लोक उगीच हसून तिला नमस्कार करायचे, आणि ते तिला जास्त लागायचं. आता ही आपल्या बाजूची, असं त्यांनी धरून चालायला सुरुवात केली होती. तिनं हमीदारी मागं घेतली नाही. नाझनीननं विचारल्यावर म्हणाली होती, त्याचं त्याच्यापाशी, माझी सही माझ्यापाशी. भूपालनंच तिची हमी नको म्हणून कळवलं, तेव्हा नाझनीननं एका संस्थेच्या निवासात त्याच्या राहण्याची सोय लावली.

हे सांगताना नाझनीनचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर भूपालला भांडायला तरी जागा मिळाली असती.

उन्हाळ्यात मंडळाचा निकाल आला. अर्ज मंजूर. नाझनीन कागद घेऊन विणकाम विभागातच आली. माग बंद करून भूपालनं हात पुसले. ती अभिनंदन वगैरे काही म्हणाली नाही, नुसतं एका परिच्छेदावर बोट ठेवून, हे वाचा, म्हणाली.

भूपालनं वाचलं. बंद्यानं पाचव्या प्रश्नाद्वारे कथित धमकीच्या दिवसाबद्दल मुद्दा उपस्थित केला. त्यानुसार मंडळानं मूळ जबाब तपासला. त्यात धमकीचा दिवस, सण, ठिकाण किंवा प्रसंग यांचा कोठेही उल्लेख नाही. ‘सुटल्यावर रावसाहेब खोत यास पाहून घेईन असे बंदी म्हणतो’ एवढेच मोघम विधान आहे. अशा विधानास वजन देता येत नाही. सबब अर्ज मंजूर करण्यात येत आहे.

त्यानं ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

“म्हंजे क्षमावणीचं काहीच नव्हतं त्यात?”

“नव्हतं.”

“मग ते हो म्हणालं ते?”

“नाणं,” नाझनीन म्हणाली.

भूपाल मागाच्या बाकड्यावर बसला. ज्या प्रश्नानं त्यानं बहिणीला तोडलं होतं त्याच प्रश्नानं त्याचं दार उघडलं होतं. नाझनीननं ठरवलेला पाचवा प्रश्न विचारला असता तर कदाचित सुटका झाली असती, कदाचित नसती. पण आक्का तरी राहिली असती. आणि धमकीचं म्हणाल तर ‘बघून घेईन’ हे वाक्य आपण उभ्या आयुष्यात कुणाकुणाला ऐकवलं याची मोजदाद त्याला करता येईना. बराकीत, मागावर, जेवणाच्या रांगेत. ते वाक्य त्याच्या तोंडी पाण्यासारखं होतं. ते ऐकायला आक्काच कशाला हवी होती? त्याला स्वतःची इतकी शरम पूर्वी एकदाच वाटली होती, तात्यासो खाली पडल्यावर.

सुटल्यावर पट्टा बांधून निवासात सामान टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी परवानगी काढून तो आक्काच्या गावी गेला. विजेवर चालणारी गाडी आवाज न करता बस्तीसमोर थांबली. कट्ट्यावरच्या दोघातिघांनी त्याला ओळखलं आणि बोलणं थांबवलं.

पद्माक्का पुढच्या सोप्यात वाती वळत बसली होती. केस पार पांढरे झाले होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं, ये म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही. भूपाल उंबऱ्याच्या आत येऊन जमिनीवरच बसला. येताना पाठ केलेलं सगळं विसरला. त्यानं खिशातून निकालाचा कागद काढून तिच्यापुढं ठेवला आणि तो परिच्छेद वाचून दाखवला. वाचताना दोनदा अडखळला.

“आक्का, चुकलं माझं,” तो म्हणाला. “तुझं नाव म्या धुळीला मिळवलं. बस्तीत येतो, समद्यांच्या म्होरं सांगतो.”

ती वात वळतच राहिली. मग हात थांबले.

“कागदानं सांगितलं म्हणून चुकलं व्हय रं?”

भूपालनं कागदाची घडी घातली.

“त्या डबड्याला इचारलंस,” ती म्हणाली. “मला एकदाबी न्हाई इचारलंस. काचंपल्याड बसलेली हुते की म्या. मी बोलत हुते तवा पाठ केलीस.” तिनं वाती बाजूला सारल्या. “आता इचार.”

“आक्का, ऱ्हाऊ दे.”

“इचार म्हणते न्हवं.”

त्यानं मान वर केली. लहानपणी आई वारली तेव्हा ह्याच बाईनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं, पहिलं पाऊल टाकताना बोट दिलं होतं.

“तू दिला व्हतास का जबाब?”

“न्हाई,” पद्माक्का म्हणाली. त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली.

बास, एवढंच पुरे होतं. त्यानं त्याच क्षणी तिचे पाय धरायला हवे होते. धरायचेही होते. पण कागदात दिवस नाही एवढंच सिद्ध झालंय, असं त्याच्या मनात आलं. मोघम जबाब आक्कालाही देता आला असता. दिला असता तरी ती नाहीच म्हणाली असती. एवढ्या मायेच्या माणसाचं ‘न्हाई’ त्यानं ऐकलं आणि ते चारांत कितीदा खरं असेल याचा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. त्यानं तो झटकला. झटकला खरा, पण तेवढा एक श्वास मध्ये गेला. आता आयुष्यभर कुणाचंही ‘हो’ आणि कुणाचंही ‘न्हाई’ आपल्याला असंच तोलून घ्यावं लागणार, हे त्याला कळलं आणि त्याला आपलीच भीती वाटली.

“पटलं, आक्का,” तो घाईघाईनं म्हणाला.

पण तिनं तो एक श्वास पाहिला होता. ज्या पोराला भूक लागलीय हे तो रडायच्या आधी तिला कळायचं, त्याचा चेहरा तिला वाचता येत नव्हता थोडाच.

ती रडली नाही, रागावली नाही. वाती डब्यात भरून ती उठली.

“दिवस मावळायच्या आत जेवून घे,” म्हणाली. “मागनं गाडी गावायची न्हाई.”

ती आत गेली. चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज आला. भूपाल उठून नेहमीसारखा स्वयंपाकघराकडे निघाला. त्या घरात तो कायम चुलीपाशीच जेवला होता, दाजी असतानाही. भाऊ म्हणजे घरचा. सोप्यात पान मांडतात ते पाहुण्यासाठी. तो दाराशी पोहोचायच्या आत आक्का ताट घेऊन बाहेर आली. त्याला वळसा घालून ती सोप्यात गेली, पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाली, “बसा.”

भूपाल पाटावर बसला. भाकरीचा पहिला तुकडा त्यानं बराच वेळ हातातच धरून ठेवला, आणि मग मुकाट्यानं जेवायला सुरुवात केली.